तपकिरीत चिमूटभर काळा

बाबांनी माझा पंजा खिडकीपाशी नेला, उलटा केला, सुलटा केला आणि निकाल दिला. "तपकिरी. त्यात चिमूटभर काळा. परवाच्या पडद्यांचा."

"पडद्यांना मी हातसुद्धा लावला नव्हता, बाबा."

"मग पडदेच आले असतील तुझ्या हाताला लागायला," ते म्हणाले आणि ताईकडे बघून हसले. ताई हसली. मीही हसले, कारण आमच्या घरात बाबांच्या विनोदाला हसायचं असतं आणि तेव्हा मला तो विनोदच वाटला होता.

आमचा कपडे रंगवायचा कारखाना आहे. कारखाना म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. खाली एक लांबट खोली, तीन हौद, एक भट्टी, पाणी वाहून जायला मधोमध गटार आणि मागे पत्र्याखाली कपडे वाळत घालायची जागा. वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. लोक विटलेले पडदे, कोट, गणवेश, सोफ्यांचे अभ्रे आणून टाकतात आणि आम्ही त्यांना नवा रंग देतो. शिंप्यांना दोऱ्यांच्या लडीही रंगवून देतो. ताई पुढे गिऱ्हाइकं सांभाळते, मी हौदावर असते आणि बाबा सगळीकडे असतात. जिथे नको असतात तिथे तर हमखास.

बाबांचा एक नियम आहे. संध्याकाळी काम संपलं की त्यांना हात दाखवायचे. बोटांवर, नखांत, कुठेही रंग दिसला तर दुसऱ्या दिवशी फिक्या कपड्यांना हात लावायचा नाही. आई होती तेव्हा तिलाही यातून सूट नव्हती. रंगाऱ्याचे हात रंगलेले दिसणं म्हणजे स्वयंपाक्यानं जेवण अंगावर सांडून घेणं, असं त्यांचं ठाम मत. त्यांचे स्वतःचे हात वकिलासारखे स्वच्छ असतात. आणि नजर अशी, की नुसतं बघून कुठल्या हौदातला रंग आहे, किती वेळ ठेवला होता, रंग धरायला घातलेलं मीठ कमी पडलं की जास्त, सगळं सांगतात. गिऱ्हाईक रंगावरून भांडायला आलं तर मी आणि ताई मागे जाऊन मजा बघत बसतो. आजवर कुणी जिंकलेलं नाही.

तर माझ्या तळहातावरच्या रेषा तपकिरी झाल्या होत्या. बोटांच्या पेरांवरही तोच रंग. मी साबणानं धुतले, लिंबू चोळलं, अंघोळीच्या दगडानं घासले. रंग काही हटेना. शेवटी बाबांनी रंग उतरवायची पावडर काढली. चुकलेला कपडा पुन्हा पांढरा करायला आम्ही ती वापरतो. कोमट पाण्यात कालवून त्यांनी माझे दोन्ही हात त्यात बुडवले. मी ओरडले तेव्हा बाहेर काढले. हात लाल झाले, सोलवटले, आणि लाली उतरल्यावर खाली तपकिरी रंग जसाच्या तसा ढिम्म बसलेला.

"पक्का चढलाय," बाबा म्हणाले. आवाजात जराशी कौतुकाची छटा होती. रंग पक्का बसला की त्यांना बरंच वाटतं, मग तो कुणावरही असो.

त्याच सुमारास मी थकायला लागले. थकायला म्हणजे कशी, तर ओला कोट पिळताना हातातली ताकद मध्येच कुणी काढून घेतल्यासारखी जायची. जिना चढताना अर्ध्यावर बसून राहायची. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. जेवणावरची वासना उडाली. घागरा कमरेवरून घसरायला लागला तेव्हा ताईनं त्याला नाडी शिवून दिली आणि वर विचारलं, "त्या शिंप्याचं अजून मनाला लावून घेतलंयस का गं?"

ज्या शिंप्याशी माझं जमता जमता राहिलं होतं, त्याची मला महिनोन्‌महिने आठवणही आली नव्हती. पण ताईनं विचारल्यावर मला प्रश्न पडला, की खरंच लावून घेतलंय का? माणसाला स्वतःच्या मनातलं कळतंच असं नाही. मी दोन दिवस त्या शिंप्याचा विचार करून बघितला. काही वाटलं नाही. त्याच्या मिशा आठवून उलट हसू आलं.

शेवटी ताई मला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. बाहेर माणसं इतकी, की आमचा नंबर लागेपर्यंत मी खुर्चीत बसल्या बसल्या झोपले. डॉक्टरांनी माझे हात बघितले, मग विचारलं, "काम काय करता?"

"कपडे रंगवते."

झालं. त्यांचा चेहरा कोडं सुटल्यासारखा झाला. मी थकव्याचं सांगायला लागले, तोवर त्यांनी पेन उचललं होतं. रंगातल्या रसायनांची बाधा, ते म्हणाले. मलम लावा. रंग, गरम पाणी, पावडरी यांच्या जवळही जाऊ नका, बरेच आठवडे. "ऐकलं नाही तर हात आणखी काळे पडतील," त्यांनी बजावलं. राग नाही माझा त्यांच्यावर. रंगाऱ्याच्या हाताला रंग दिसला, तर आणखी काय म्हणणार बिचारा माणूस? पण त्यांचं ते शेवटचं वाक्य घरी आलं आणि माझ्या मानगुटीवर बसलं.

मी वरच्या मजल्यावर बसून राहिले. खाली भट्टी पेटल्याचं, हौदात काठी फिरल्याचं ऐकू यायचं आणि मला तळमळ व्हायची. मलम लावत होते, हातमोजे घालून झोपत होते, भांडीसुद्धा ताई घासत होती. आणि हात आणखी काळे पडले.

बाबा रोज संध्याकाळी वर येऊन हात बघायचे. पहिले काही दिवस काही बोलले नाहीत. मग एकदा हात सोडून देत म्हणाले, "खाली गेली होतीस."

"नाही हो."

"कालच्यापेक्षा गडद आहे."

"मला माहीत नाही कसं ते. पण मी गेले नव्हते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, गिऱ्हाईक कपडा दोनदाच धुतलाय म्हणून शपथा घेतं तेव्हा बघतात तसं. त्या दिवसापासून कारखान्याच्या दाराला दुपारी कुलूप लागायला लागलं. किल्ली बाबांच्या खिशात.

माणूस रागीट असला तरी बाबा अन्याय करणारे नाहीत. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा बाणा. म्हणून त्यांनी एक परीक्षा घेतली. आठवडाभर तपकिरी रंगाचं एकही काम हातात घ्यायचं नाही. एका हौदात तांबडा, एकात पिवळा, एकात निळा. गिऱ्हाइकं ओरडली, ताईनं त्यांना कशीबशी थोपवली. आता धाकटीच्या हाताला काय लागलं ते आपोआप कळेल, असा बाबांचा हिशेब. मला तर सुटल्यासारखं झालं. तपकिरी रंग कारखान्यातच नाही, म्हणजे माझ्या हातावर आला तर तो खालून आलेला नसणार, हे कुणालाही पटेल.

आठवडा संपला. हात पहिल्यापेक्षा गडद झालेले. मी स्वतःच पुढे केले, जवळजवळ मिरवतच. "बघा! आहे का खाली तपकिरी?"

बाबांनी बराच वेळ बघितलं. मग खाली बसले आणि दुःखानं म्हणाले, "तांबडा, पिवळा आणि निळा. तिन्ही एकत्र झाले की काय होतं?"

मला उत्तर माहीत होतं. आमच्या घरातल्या तान्ह्या पोरालाही ते माहीत असतं. तिन्ही एकत्र झाले की तपकिरी होतो.

"तिन्ही हौदांत हात घातलेस," बाबा म्हणाले. "एकात नाही, तिन्हीत. कशासाठी, पोरी? हात कायमचे गेले तर काय करशील?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आजवर मी तोंड मिटल्याचं फारसं कुणाला आठवत नसेल. गिऱ्हाइकांशी, ताईशी, पाण्याच्या टँकरवाल्याशी, मी सगळ्यांशी भांडते. पण बाबांचं म्हणणं इतकं बिनचूक होतं, की मला त्यात फटच सापडेना. आणि खरं सांगायचं तर माझं डोकंही तेव्हा जागेवर नव्हतं. वाक्य सुरू केलं की शेवटपर्यंत पोचायच्या आत विसरायला व्हायचं. दिवसातून तीन-तीनदा झोप लागायची आणि उठल्यावर सकाळ आहे की संध्याकाळ ते कळायचं नाही.

त्या झोपेनंच घात केला. एका दुपारी उठले आणि मनात आलं, की झोपेत मी काय करते हे मला तरी कुठे माहीत आहे? माणसं झोपेत चालतात. लहानपणी ताई झोपेत उठून कपाटाशी बोलायची. मी खाली जात नाही हे माझं म्हणणं, पण मी जागी असतानाचं. कुलूप? कारखान्याची दुसरी एक किल्ली जुन्या काळापासून खुंटीला टांगलेली असायची. ती आता तिथे नव्हती. बाबांनी काढली असेल. की मी?

मग मी चपला तपासायला लागले. तळ ओले आहेत का, रंगाचा वास येतोय का. वास यायचा. पण आमच्या घरात सगळ्यालाच रंगाचा वास येतो, पावालासुद्धा. आरशापुढे उभी राहून स्वतःला विचारलं, "गेली होतीस का गं?" आरशातली बाई सुकलेली, काळवंडलेली, गालफडं बसलेली. तिच्यावर विश्वास ठेवावा असं तिच्यात काही दिसेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी झोपायच्या आधी मी खोलीच्या उंबऱ्यापाशी अंगाला लावायची पावडर पसरली. उठले तर पावडरीत पावलं. अनवाणी, माझ्याच मापाची, बाहेर जाणारी आणि परत येणारी. माझी पाचावर धारण बसली. भिंतीला धरून त्या पावलांमागून गेले. ती जिन्याकडे गेलीच नव्हती. स्वयंपाकघरात गेली होती. ओट्यावर मिठाचा डबा उघडा पडलेला आणि जमिनीवर मिठाचे खडे. माझ्या ओठांवरही.

ताईचं पाऊल माझ्याच मापाचं आहे, म्हणून आधी तिला विचारलं. ती आली नव्हती. पण मीठ बघून तिनं कपाळाला हात लावला. "तरीच! आठवड्यात डबा कसा रिकामा होतोय म्हणून मी वेड्यासारखी विचार करत होते. काकडीला मीठ, दुधात मीठ, आता नुसतं मीठ? रक्तदाब वाढून मरशील." आणि तिनं मीठ लपवून ठेवलं. माझ्या भल्यासाठीच. मी चिडून रडले, भांडले, एका चमच्यासाठी तिच्या हातापाया पडले. तिनं दिलं नाही. ताई मऊ आहे असं सगळ्यांना वाटतं, ते तिला ओळखत नाहीत म्हणून.

मीठ गेल्यावर माझं बिनसतच गेलं. पोटात कळा, उलट्या. त्यात भर म्हणून दाढ ठणकायला लागली. एका गालाला सूज, तोंड वाकडं. बाबांनी बघितलं आणि म्हणाले, "चल. निदान या दुखण्याचं कारण तरी सगळ्यांना कळतं."

दातांचे डॉक्टर आमचे जुने गिऱ्हाईक, त्यांचे पांढरे कोट आम्हीच हिरवे करून दिले होते. गप्पांची भारी हौस. पण सवय वाईट. तुमच्या तोंडात कापूस, आरसा आणि नळी कोंबली की मग विचारणार, काय म्हणतोय धंदा? मी खुर्चीत आडवी झाले, बाबा पायाशी पहारा देत उभे राहिले. डॉक्टर बोलत बोलत वाकले आणि एकदम गप्प झाले. दिवा जवळ ओढला. गाल बाहेर ओढून आत बघितलं, दुसरा गाल, जीभ वर, जीभ बाजूला. मला वाटलं, दाढ नसून दुसरंच काहीतरी भयंकर उगवलंय.

"हा रंग कधीपासून आहे?"

"कुठला?" मी विचारलं, म्हणजे तसा काहीसा आवाज काढला.

त्यांनी छोटा आरसा दिला. हिरड्यांवर डाग. गालांच्या आत, पार मागपर्यंत, ठिकठिकाणी शाई सांडून पुसल्यासारखे डाग. तपकिरी, त्यात काळा. मी बघतच राहिले. माझंच तोंड, रोज त्यानं खाते, भांडते, आणि आत हे कधी झालं?

बाबा वाकून बघत होते. "दोरा," ते लगेच म्हणाले. "लडीचं टोक तोंडात धरून तोडते ती. लहानपणापासूनची खोड."

"इतक्या मागे?" डॉक्टरांनी विचारलं. "दोन्ही गालांत?"

"दोरा लांब असतो," बाबा म्हणाले. पण त्यांचा आवाज पुरता लागला नाही.

मला वाटलं, असेल. चावत असेन झोपेत. आता मला कशाचंच आश्चर्य वाटत नव्हतं.

डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला आणि दाढ काढायच्या आधी रक्तदाब बघावा म्हणून पट्टा गुंडाळला. यंत्राकडे बघितलं. पुन्हा फुगवला. "बिघडलंय वाटतं हे," असं पुटपुटत स्वतःच्या दंडाला लावून बघितला. बिघडलं नव्हतं. मग मला म्हणाले, "जरा उभ्या राहा बघू." मी उभी राहिले. एवढं आठवतंय, की फरशी पांढरी होती आणि ती माझ्याकडे आली.

"दाढ आज काढायची नाही," हे वाक्य मी जमिनीवरून ऐकलं. डॉक्टर फोनवर कुणाला तरी सांगत होते, की तातडीनं पाठवतोय. तोंडात डाग आहेत, रक्तदाब सापडत नाहीये आणि हिच्याकडे बघून मला भीती वाटते आहे. दातांचा डॉक्टर कुणाला घाबरला, तर समजावं की प्रकरण साधं नाही.

इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टर बुटक्या होत्या, गळ्यात चष्मा लोंबत होता आणि चालायच्या भराभर. एका हातात सलाईनची सुई टोचली जात होती तोवर त्यांनी दुसरा हात उचलला.

"यांचा रंग असा कधीपासून झाला?" त्यांनी बाबांना विचारलं.

"आम्ही रंगाचं काम करतो," बाबा म्हणाले. "हाताला रंग लागलाय. नको म्हटलं तरी हात लावते."

"हाताला?" त्यांनी माझी बाही वर सरकवली. कोपर काळं. दंडावर वाफेनं भाजल्याचा जुना व्रण होता, तो काळा कुळकुळीत झालेला. घड्याळ काढलं, पट्ट्याखालची कातडीही गडद. पोटाच्या घडीत, गुडघ्यांवर, जिथे जिथे कातडी दुमडते किंवा घासते तिथे तिथे. त्यांनी प्रत्येक जागेवर बोट ठेवलं आणि बाबांकडे बघितलं. "इथे कसा लागेल? इथे? आणि इथे?"

रंगाचं कारण बाबांना सांगता आलं नाही, असं मी जन्मात पहिल्यांदाच बघत होते. आणि खरं सांगते, त्या सुईपेक्षा, त्या धावपळीपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटली. आजवर काही कळलं नाही तर बाबांना विचारायचं, एवढं तरी ठरलेलं होतं.

डॉक्टर माझ्या कानाशी वाकल्या. "खारट खावंसं वाटतं का?"

आणि मला रडू फुटलं. हुंदके देत मी एवढंच सांगितलं, "ताईनं मीठ लपवलंय."

त्या हसल्या नाहीत. वळून नर्सला म्हणाल्या, "रक्त घ्या आणि इंजेक्शन आत्ता द्या. रिपोर्टची वाट बघायची नाही." बाबांना बाहेर काढलं. ते दाराच्या काचेतून बघत होते, काचेवर श्वासाचं धुकं येत होतं आणि ते पुसत होते. मला वाटलं, आपण मरतोय बहुतेक. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त चीड आली, की कशानं ते न कळताच मरतोय.

मेले नाही. दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा खिडकीची चौकट चौकटीसारखी दिसत होती. विचार सुरू केला तर शेवटपर्यंत पोचला. भूक लागली होती. किती महिन्यांनी डोकं धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ झालं होतं, आणि मला स्वतःची इतकी माया आली, की मी नर्सला उगीचच थँक्यू म्हटलं.

मोठ्या डॉक्टरांनी खुर्ची ओढून सगळं समजावलं. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या एक रस तयार करतात, त्याच्यावर माणूस उभा असतो. माझ्या ग्रंथी बंद पडत चालल्या होत्या. रस कमी पडला, की मेंदूकडून आणखी काम करा म्हणून हुकूम सुटतात. काम होत नाही, म्हणून आणखी हुकूम. आणि त्या हुकमांच्या माऱ्यानं कातडीचा रंग गडद होत जातो. आपोआप, आतूनच. थकवा, अंधारी, उलट्या सगळं त्यातलंच. शरीरातलं मीठ वाहून जात होतं, म्हणून मी मिठाच्या डब्यामागे लागले होते. "ते मीठच तुम्हाला उभं ठेवत होतं," त्या म्हणाल्या. आता गोळ्या जन्मभर. एक दिवसही चुकवायच्या नाहीत, ताप आला तर विचारून वाढवायच्या. रंग हळूहळू उतरेल, घाई करायची नाही.

वरून कुणीतरी ओरडतंय, खालचा थकून गेलाय, म्हणून वरचा आणखी ओरडतोय. हे मला आमच्या घरावरून लगेच समजलं.

"आणि काल दाढ काढली असती तर?" मी विचारलं.

"तर आपली भेट बहुतेक झाली नसती," त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

सकाळी ताई येऊन माझ्या गळ्यात पडून रडून गेली होती. येताना तिनं पिशवीतून मीठ आणलं होतं, पाहुणे मिठाई आणतात तसं. बाबा दुपारी आले. डॉक्टर त्यांच्याशी बाहेर बोलल्या होत्या. ते स्टुलावर बसले, हात मांडीखाली घातले.

"तू खाली गेली नव्हतीस," ते म्हणाले.

"नाही."

"एकदाही?"

"नाही, बाबा."

"मग भांडलीस का नाहीस?" त्यांचा आवाज चढला, शेजारच्या खाटेवरच्या आजीनं मान वळवली. "टँकरवाल्याशी भांडतेस. ताईशी चमच्यावरून भांडतेस. माझ्याच वेळी का मूग गिळून बसलीस? तोंडावर सांगायचंस, म्हाताऱ्या, तुझे डोळे गेलेत म्हणून! मी काय खाल्लं असतं तुला?"

झणझणीत उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. डोकं ताळ्यावर आलं होतं ना आता. पण बाबांचा चेहरा बघून ते बाहेर पडेना. बाहेर आलं ते भलतंच.

"मलाच खात्री नव्हती," मी म्हटलं. "तुम्ही म्हणालात गेली होतीस, म्हणजे मी गेलेच असणार, असं वाटायला लागलं होतं. रंगात तुमचं कधी चुकत नाही. मला वाटलं, झोपेत जात असेन. दारात पावडर टाकून झोपत होते मी, बाबा. माझ्याच पायांचे ठसे बघायला."

माझ्या गोळीसाठी नर्सनं ठेवलेला पाण्याचा पेला बाबांनी उचलला आणि एका दमात रिकामा केला.

"यापुढे माझं ऐकायचं नाही," ते म्हणाले. विनंती वगैरे नव्हे, हुकूमच होता. "मी काय वाटेल ते म्हणीन. तुझ्या अंगाचं तुला कळतंय तेच खरं धरायचं. कळलं?"

"हो, बाबा," मी म्हटलं.

हे ऐकून त्यांचा चेहरा असा काही पडला, की माझं काय चुकलं तेच मला कळेना. मग कळलं, आणि मी घाईघाईनं "नाही" म्हटलं. तर तेही त्यांचं ऐकल्यासारखंच झालं. काय म्हटलं म्हणजे बरोबर होईल, ते त्यांनाही सांगता येईना. एरवी त्यांनी लगेच सांगितलं असतं. मग ते पुढे वाकले, माझ्या पांघरुणात तोंड खुपसलं आणि रडायला लागले. नर्स आली तेव्हा ते रडतच होते. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि पेला रिकामा होता, म्हणून तिच्याकडे गोळीसाठी पाणी मागितलं.